पांढऱ्या पेशींची मुंज

उमापूर (तालुका गेवराई, जिल्हा बीड) येथील एका वाचक भगिनींचे चार पानांचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. पत्रे पुष्कळ येतात आणि बहुतेकांना दोन ओळींत उत्तर देऊन भागते. हे पत्र मात्र आम्ही तीनदा वाचले. बाईंच्या अनुमतीने, नावे गाळून, त्यातील हकीकत येथे देतो. कारण ती त्यांच्या एका घरापुरती असेल असे आम्हांस वाटत नाही.

बाईंच्या आजेसासूबाईंना सहा अपत्ये झाली. त्यांपैकी तीन मुलगे वर्षाच्या आत गेले. एक मुलगा, म्हणजे बाईंचे सासरे, आणि दोन मुली एवढी जगली. पुढे थोरल्या मुलीच्या पदरीही तेच आले. तिचे दोन मुलगे पाच-सहा महिन्यांचे होऊन दगावले. एक मुलगी तेवढी वाढली. आतेसासूबाईंना सासरी 'पांढऱ्या पायाची' म्हणून जन्मभर ऐकून घ्यावे लागले. त्र्यंबकेश्वरास जाऊन नारायण-नागबळीही झाला. त्या आता हयात नाहीत. त्यांची ती एकुलती मुलगी पहिल्या खेपेची गरोदर असून बाळंतपणासाठी आजोळी, उमापुरास, यावयाची आहे. मामेभावाची बायको या नात्याने सारी उस्तवार आमच्या पत्रलेखिकेकडे येणार. आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांचे म्हणणे असे की, वन्संना माजघरालगतच्या खोलीत निजवू नये. गेलेली सारी बाळे त्याच खोलीत जन्मली होती, तेव्हा त्या जागेलाच काही तरी आहे. बाई विचारतात, दोष खोलीत आहे, आडाच्या पाण्यात आहे, की रक्तात?

पूर्वी असा प्रश्न कोणी लेखी विचारीत नसे. बाळ गेले तर ते सटवीने नेले. ज्या घरी मुलगे जगत नसत, तेथे पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरबा असे ठेवावयाचे, म्हणजे मृत्यूलाही ते नकोसे व्हावे. बाईंच्या सासऱ्यांना घरात सर्वजण धोंडोपंत म्हणतात. शाळेच्या दाखल्यावरचे नाव निराळेच आहे. या समजुतींस हसण्याचा आमचा मुळीच विचार नाही. ज्या बायकांनी एकामागून एक तीन बाळे मांडीवर गमावली, त्यांना कशावर तरी बोट ठेवावयास हवेच होते. दुःख इतकेच की, ते बोट फिरून फिरून बहुधा बाळाच्या आईकडेच वळत असे.

पत्राच्या तिसऱ्या पानावर काही बारीकसारीक गोष्टी आहेत आणि त्या लिहिल्याबद्दल आम्ही बाईंचे ऋणी आहोत. गेलेली पाचही बाळे मुलगेच होती. पहिले तीन-चार महिने ती चांगली गुटगुटीत असत. मग तोंडात पांढरा थर धरे तो काही केल्या जात नसे, खोकला लागे, जुलाब होत, दूध अंगी लागेनासे होई. शेवटच्या बाळाला जन्मल्यावर क्षयप्रतिबंधक बीसीजी लस टोचली होती. त्याच्या काखेत गाठ येऊन ती फुटली आणि पुढे अंगभर तशाच गाठी उठल्या. आमच्या परिचयाच्या एका बालरोगतज्ज्ञांना हे पान दाखविले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले. इतक्या वर्षांनी, तपासलेले बाळ समोर नसता, निदान करणे अप्रामाणिकपणाचे होईल, असे ते म्हणाले. परंतु कोणती शंका घ्यावयास हवी हे त्यांनी सांगितले. ती शंका समजावयाची तर वाचकांस थोडे आडवळणाने यावे लागेल.

रक्तात तांबड्या पेशींखेरीज पांढऱ्या पेशी असतात आणि त्या रोगजंतूंशी झुंजतात, हे शाळेत जाणारी मुलेही सांगतील. त्या येतात कोठून आणि झुंजावयास शिकतात कोठे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

सर्व पांढऱ्या पेशींचे कूळ एक. मोठ्या माणसाच्या छातीचे हाड, बरगड्या, मणके आणि कमरेची हाडे यांच्या आत लाल मज्जा असते. लहान मुलांत ती हातापायांच्या लांब हाडांतही असते. या मज्जेत थोड्याशा 'मूळ पेशी' राहतात. मूळ पेशी दुभंगली म्हणजे एक तर ती आपल्यासारखीच दुसरी निर्माण करते, नाही तर जिला पुढे निरनिराळे धंदे पत्करावयाचे आहेत अशी संतती निर्माण करते. टोरोंटो येथील टिल व मॅकलॉक या जोडीने १९६१ पासून केलेल्या प्रयोगांनी हे उघडकीस आले. किरणांनी ज्यांची मज्जा नष्ट केली होती अशा उंदरांस दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली, तेव्हा त्यांच्या पानथरीवर बारीक गाठी उठल्या, आणि एकेका गाठीतील नाना प्रकारच्या पेशी एकाच पेशीचा वंशविस्तार असल्याचे ठरले. एका आजोबांची नातवंडे, कोणी भिक्षुक, कोणी कारकून, कोणी वैद्य व्हावीत, तसा हा प्रकार.

थोरल्या शाखेतील पेशी अंगमेहनतीच्या. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी मज्जा रोज सुमारे १०० अब्ज तयार करते, आणि त्यांचे आयुष्य काही तासांचे, फार तर काही दिवसांचे. गळवातील पू म्हणजे बव्हंशी त्यांचीच प्रेते. त्यांच्या भाऊबंद भक्षक पेशी. भक्षणाचे हे काम प्रथम ओळखले मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने, १८८२ साली इटलीतील मेसिना येथे, तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून आणि त्याभोवती जमणाऱ्या पेशी न्याहाळून. हेच मेचनिकॉफ ओडेसा येथे हाफकिन यांचे गुरू होते, आणि हाफकिन यांनी पुढे १८९६ च्या प्लेगात मुंबईस येऊन १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. असो. या थोरल्या शाखेला शिक्षण फारसे लागत नाही. शत्रूची ठोकळ ओळख त्यांना उपजतच असते.

धाकटी शाखा लिम्फोसाइट पेशींची, आणि आपले कोडे याच शाखेचे आहे. लिम्फोसाइट अक्षरओळख घेऊन जन्मत नाही. तिला शिकावे लागते. हिचेही मुख्यतः दोन प्रकार, एक 'बी' व दुसरा 'टी'. ही नावे रुक्ष वाटतात, पण त्यांच्या पोटी मौजेचा इतिहास आहे. कोंबडीच्या गुदद्वाराजवळ एक लहानशी पिशवी असते. फाब्रिसियस या जुन्या इटालियन शारीरज्ञाच्या नावावरून तिला फाब्रिसियसची पिशवी, 'बर्सा', म्हणतात. तिचा उपयोग काय हे कोणास ठाऊक नव्हते. ही पिशवी काढलेल्या कोंबड्यांच्या रक्तात रोगाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत, असे ब्रूस ग्लिक या अमेरिकन संशोधकास आढळले. त्याचा निबंध एका प्रतिष्ठित शास्त्रीय नियतकालिकाने परत केला आणि १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या मासिकात छापून आला. (लेख साभार परत करणाऱ्या संपादकांनी, त्यांत आम्हीही आलो, ही गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे.) बर्सावरून 'बी'. माणसाला ही पिशवी नाही. आपल्या बी पेशी मज्जेतच, म्हणजे माहेरीच राहून, शिकतात.

टी पेशींस मात्र माहेर सोडून गुरुगृही जावे लागते. ते गुरुगृह म्हणजे छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगास असलेली थायमस ही मऊ ग्रंथी. बालपणी ती मोठी असते. तारुण्यानंतर आटत जाते आणि म्हातारपणी तिच्या जागी बरीचशी चरबीच उरते. या ग्रंथीविषयी वैद्यकशास्त्राने केलेली चूक मोठी आहे. अकस्मात गेलेल्या तान्ह्या मुलांच्या छातीत ती मोठी दिसे, म्हणून तिनेच बाळाचा श्वास कोंडला असे डॉक्टरांनी ठरविले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांतील हजारो निरोगी बालकांच्या छातीवर क्ष-किरण सोडून ती आक्रसवून टाकण्यात आली. पुढे त्यांतील कित्येकांस गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. वास्तविक मोठी ग्रंथी हे निरोगी बाळाचेच लक्षण होते. आजारात कुढून मेलेल्या बाळांची आक्रसलेली ग्रंथी पाहण्याची शवविच्छेदन करणाऱ्यांस सवय होती, म्हणून खरी ग्रंथी त्यांस विकृत वाटली. सटवीला बोल लावणाऱ्या आपल्या आज्यांस हसण्यापूर्वी ही हकीकत आठवावी.

थायमसचे खरे काम १९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर यांनी दाखविले. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस त्यांनी काढून टाकली. पिले काही आठवडे ठीक राहिली. मग खंगू लागली आणि साध्या संसर्गानेही मरू लागली. दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली तर ती बिनतक्रार चिकटून राही. आपले कोण व परके कोण हे ओळखणारेच त्यांच्या शरीरात कोणी उरले नव्हते. थोडे दिवस ठीक आणि मग खंगणे, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.

गुरुगृही जे घडते ते विलक्षण आहे. शरीरातील प्रत्येक पेशीपाशी तीच एक अनुवंशाची पोथी असते. यकृताची पेशी तिच्यातील एक अध्याय वाचते, मेंदूची दुसरा. पोथीला कात्री मात्र कोणी लावीत नाही. लिम्फोसाइट लावते. प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे पोथीत सुटेसुटे, रांगेने ठेवलेले असतात. वाढणारी पेशी त्यांतील एक येथून, एक तेथून उचलते, मधला मजकूर कापून टाकते आणि उरलेली टोके जोडते. हे बी पेशींत घडते असे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली दाखविले व त्याबद्दल त्यांस १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टी पेशीही आपल्या ओळखयंत्राकरिता हेच करतात. स्वर-व्यंजने मोजकीच, पण त्यांच्या जोडण्यांतून बाराखडी व बाराखडीतून अगणित शब्द व्हावेत, तसे थोड्या जनुकांतून कोट्यवधी निरनिराळे आकार ओळखणाऱ्या पेशी तयार होतात. जो रोग अद्याप जन्मालाही आला नाही, त्याला ओळखणारी पेशी आपल्यापाशी आधीच असू शकते, ती यामुळे.

परंतु जोडणी आंधळी असल्यामुळे तीतून निरुपयोगी व धोकादायक शब्दही निघतात. म्हणून थायमसमध्ये दोन परीक्षा होतात. पहिलीत पाहतात, शरीरातील पेशींच्या अंगावर जी ओळखीची खूण असते ती या विद्यार्थ्याला वाचता येते की नाही. येत नसेल तो तेथेच मरतो. दुसरी परीक्षा याहून कठोर. थायमसमधील काही पेशी स्वादुपिंडाची, डोळ्याची, यकृताची प्रथिने थोडी थोडी स्वतःच तयार करून विद्यार्थ्यापुढे मांडतात. जणू साऱ्या गावाचे नमुने गुरुगृही आणून ठेवले आहेत. जो आपल्याच माणसांवर धावून जातो, तोही बहुधा तेथेच संपतो. दोन्ही परीक्षांतून उत्तीर्ण होऊन सोडमुंज होते ती शंभरातून पाचांचीही नाही. एवढी नासाडी निसर्ग सुखाने सोसतो, कारण एक द्वाड शिष्य बाहेर पडला तर सांधे, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांचे तो काय करील याचा नेम नाही. तरीही काही द्वाड निसटतात. त्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ साली ओळखल्या. त्या विषयीच्या कामासाठी त्यांस व मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांस २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गुरुगृहातून निघालेल्या टी पेशींचे धंदेही ठरलेले. काही मारेकरी, विषाणूने घर केलेली पेशी त्या नष्ट करतात. काही साहाय्यक, यांनी हाक दिल्यावाचून बी पेशी चांगली प्रतिपिंडे करीत नाहीत. पायाला जखम होऊन जांघेत अवधाण येते, तेथील गाठीत या सर्वांची बैठक बसलेली असते. काम झाल्यावर बहुतेक मरून जातात. थोड्या 'स्मरणपेशी' म्हणून वर्षानुवर्षे राहतात, आणि साऱ्या लसींचा आधार त्या स्मरणावर आहे.

आता पत्राकडे वळू. हे गुरुकुल मुळातच भरले नाही तर? मज्जेतून निघालेल्या पेशीला वाढण्याचा निरोप रासायनिक भाषेत मिळत असतो. तो निरोप ऐकावयाचा पेशीचा 'कान' ज्या जनुकाने घडतो, ते एक्स या गुणसूत्रावर आहे. ते बिघडलेले असेल तर निरोप ऐकूच जात नाही. टी पेशी तयार होत नाहीत, आणि बी पेशी असल्या तरी साहाय्यकांवाचून निकामी राहतात. बिघडलेले हे जनुक १९९३ साली सापडले. मुलीस एक्स गुणसूत्रे दोन, एक आईचे व एक वडिलांचे. एक बिघडले तरी दुसरे काम चालविते. मुलास एकच, तेही आईकडून आलेले. म्हणून बहिणी धडधाकट आणि भाऊ तान्हेपणी जातात. पहिले काही महिने बाळ ठीक दिसते ते आईच्या उधार प्रतिपिंडांवर. वारेतून आलेली ती शिदोरी सहा महिन्यांच्या आत-बाहेर सरते. पुढे साधी बुरशी तोंडात ठाण मांडते, आणि बीसीजी लसीतील जिवंत पण दुबळे जंतू, जे इतर बाळांस केवळ धडा शिकवितात, ते अशा बाळाच्या अंगभर पसरतात.

उमापूरच्या वाड्यात असेच घडले, असे आम्ही म्हणत नाही. त्या काळी बाळे दगावण्याची कारणे पुष्कळ होती. परंतु चित्र जुळते, आणि चित्र जुळत असता गप्प बसणे योग्य नव्हे.

हिशेब मांडून पाहू. शंका खरी धरली तर आजेसासूबाई व आतेसासूबाई दोघींकडेही बिघडलेली एक प्रत असली पाहिजे. धोंडोपंत जगले, कारण त्यांच्या वाट्याला आईची चांगली प्रत आली. त्यांच्या मुलाबाळांस या बाबतीत भय नाही. पत्रलेखिकेने स्वतःच्या लेकरांची काळजी करू नये. धाकट्या आतेसासूबाई व त्यांच्या लेकी यांनी मात्र हा हिशेब स्वतःपुरता करून पाहावा. आता यावयाच्या वन्संकडे ती प्रत आली असण्याचा संभव निम्मा. आली असल्यास त्यांच्या प्रत्येक मुलाला तो विकार होण्याचा संभव पुन्हा निम्मा. म्हणजे मुलगा झाला तर चारांत एक, आणि अद्याप काहीच ठाऊक नसता आठांत एक. मुलगा की मुलगी हे आधी पाहून घ्यावे, असे कोणाच्या मनात येईल. त्या फंदात कोणी पडू नये. गर्भाचे लिंग सांगणे १९९४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि या ठिकाणी त्याची गरजही नाही. बाळ जन्मल्यावर जे करावयाचे ते पुरेसे आहे.

ते फार थोडे आहे, आणि त्याचा पहिला भाग फुकट आहे. प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांना सांगावे की, आईच्या बाजूचे पाच मुलगे तान्हेपणी गेले आहेत. हे वाक्य आपल्या घरांतून कोणी उच्चारीत नाही; शुभकार्याच्या वेळी अशुभ नको म्हणून मागचे सारे झाकून ठेवतात. आम्ही आग्रहाने सांगतो, ते उच्चारावे, आणि केसपेपरावर लिहून घ्यावयास लावावे. आपल्या देशात बीसीजी जन्मतःच देतात. ही एक लस, तसेच तोंडाने द्यावयाचे पोलिओ व रोटाव्हायरसचे थेंब, बाळाची तपासणी होईपर्यंत थांबवावयाचे की नाही, ते डॉक्टर ठरवितील; पण त्यांना ठाऊकच नसेल तर ते थांबवतील कसे? मात्र ज्या घरी असा पूर्वेतिहास नाही, तेथे हा लेख वाचून कोणी लस चुकविली तर तो आमचा अपराध ठरेल. दंडावर बीसीजीचा फोड येऊन वण राहणे हे नेहमीचेच आहे. त्याने भिण्याचे कारण नाही.

दुसरा भाग म्हणजे रक्ताची साधी मोजणी. गेवराईस किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात जी सर्रास होते तीच. तीत एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून समाधान मानू नये. त्यांपैकी लिम्फोसाइट किती, हे विचारावे. मोठ्या माणसांपेक्षा तान्ह्या बाळांत त्यांची संख्या पुष्कळ अधिक असते, आणि दर घन मिलिमीटरास ती ३,००० च्या खाली आली तर पुढील तपासणी अगत्याची. मोठ्यांच्या कोष्टकाशी ताडून पाहणाऱ्यास हाच आकडा निर्दोष वाटतो, आणि बाळाची संधी हुकते. याहून पक्की एक युक्ती अमेरिकेत निघाली आहे. वर सांगितलेल्या जनुकाच्या कापाकापीत जे तुकडे गळून पडतात, ते वर्तुळाकार होऊन पेशीत काही काळ राहतात. शिंप्याच्या दुकानात चिंध्या दिसल्या म्हणजे शिवण चालू आहे असे समजावे, तसे बाळाच्या टाचेतील रक्ताच्या एका थेंबात हे तुकडे शोधतात. विस्कॉन्सिन संस्थानाने २००८ साली ही चाचणी प्रत्येक नवजात बालकास सुरू केली, आणि २०१८ अखेर ती साऱ्या अमेरिकाभर झाली. आपल्याकडे ती सरसकट होत नाही.

शंका बळावली तर मुंबईस जावे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिचा आरंभ १९५७ साली रक्तगटांच्या केंद्राच्या रूपाने झाला. ज्याला जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात तो विरळा गट डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली याच आवारात ओळखला होता. जन्मजात प्रतिकारदौर्बल्य असलेल्या बालकांच्या रक्तातील टी, बी वगैरे पेशी निरनिराळ्या मोजणे आणि जनुकातील बिघाड शोधणे, हे काम आज ही संस्था करते. गर्भार बाईंच्या स्वतःच्या रक्तावरूनही वाहकत्वाचा तपास करता येतो. तेव्हा वन्संनी आताच छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा मुंबईस सल्ला घेतल्यास बाळंतपणापर्यंतची धाकधूक कदाचित पुरी मिटेल.

आणि विकार निघालाच तर? पूर्वी उत्तर एकच होते. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी डेव्हिड व्हेटर नावाचा मुलगा १९७१ साली या विकारासह जन्मला. त्याचा थोरला भाऊ याच विकाराने आधी गेला होता. डेव्हिडला जन्मापासून निर्जंतुक प्लास्टिकच्या कोठडीत वाढविले. बारा वर्षांत आईचा उघडा हात त्याच्या अंगाला लागला नाही, आणि १९८४ साली तो वारला. परंतु त्याच्याही आधी, १९६८ साली, मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी अशाच एका तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली होती, आणि तो वाढून मोठा झाला. त्याच्या आईच्या घराण्यातही मुलगेच पिढ्यान्‌पिढ्या जात होते. नव्या मज्जेतील मूळ पेशी बाळाच्या हाडांत घर करतात, त्यांची संतती बाळाच्या थायमसमध्ये जाऊन शिकते, आणि ओस पडलेले गुरुकुल भरते. यात वेळ हेच सर्वस्व आहे. २००० ते २००९ या काळात उत्तर अमेरिकेत अशी मज्जा दिलेल्या २४० बालकांचा अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांस साडेतीन महिन्यांच्या आत मज्जा मिळाली त्यांतील ९४ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती. संसर्गाने जर्जर होऊन उशिरा आलेल्यांचे प्रमाण बरेच कमी होते. पाच-सहा महिन्यांनी बाळ खंगू लागल्यावर धावाधाव करणे आणि जन्मल्या आठवड्यातच रक्त पाहणे, यांतील अंतर एवढे आहे.

एक गोष्ट मराठवाड्यातील घरांना विशेषतः सांगावीशी वाटते. वरील विकार मुलांचाच. पण गुरुकुल बंद पाडणारे दुसरे बिघाडही आहेत. वर सांगितलेली कात्रीच ज्यांत घडत नाही तो त्यांपैकी एक. त्यांस आई व वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते, आणि मग मुलगा-मुलगी असा भेद राहत नाही. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे देशस्थांत जुनी आहे. तिच्यामुळे घरे जोडलेली राहिली हे खरे. परंतु एकाच आजोबांकडून आलेली बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी एका बाळात येण्याचा संभव त्यायोगे वाढतो. ज्या घरी तान्ही मुले गेली आहेत तेथे तरी हे नाते जुळविण्यापूर्वी थांबून विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही वाचकांस ते रुचणार नाही, याची जाणीव आम्हांस आहे.

पत्रलेखिकेने शेवटी भीत भीत विचारले आहे की, हे आतेसासूबाईंमुळे झाले असे म्हणावे काय. प्रत त्यांच्याकडून आली असेल. पण त्यांनी ती निवडली नव्हती, आणि त्यांच्या आईनेही नव्हती. कोणत्या तरी जनुकाची एखादी बिघडलेली प्रत बाळगीत नाही असा माणूस बहुधा सापडणार नाही; ज्याच्या वाट्यास तिचे फळ येत नाही, तो मोठ्याने बोलतो एवढेच. आतेसासूबाईंची आठवण घरात निघेल तेव्हा हे कोणी तरी स्वच्छ शब्दांत सांगावे. ऐकावयास त्या नाहीत, पण त्यांची मुलगी आहे.

खोलीविषयी म्हणाल, तर बाळंतपण अर्थातच रुग्णालयात होईल, त्यामुळे खोलीचा प्रश्न घरी परतल्यावरचा. तीस खिडकी असेल तर ती उघडावी, भिंतींना चुना द्यावा आणि खुशाल तेथेच बाजले टाकावे. रक्ताची तपासणी होऊन निर्वाळा मिळेपर्यंत बारशाची गर्दी मात्र करू नये, आणि ज्याला खोकला-पडसे आहे त्याला, मग तो कितीही वडील असो, उंबऱ्याबाहेरूनच आशीर्वाद देण्यास सांगावे. आडाचे पाणी उकळून प्यावे. तसे ते सर्वांनीच प्यावे.

लिम्फोसाइटचा आकडा कळताच बाईंनी आम्हांस एक पोस्टकार्ड टाकावे. आम्ही वाट पाहत आहोत.